खेळानंतरच्या पाऊण तासाबद्दल

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या फिल्म सोसायट्यांच्या, तसंच कॉलेजांतल्या फिल्म क्लबांच्या चालकांना,

सप्रेम नमस्कार.

दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट सांगणाऱ्या, रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी सिनेमाला २०२५च्या अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातलं ज्युरींचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि १९ सप्टेंबर २०२५ला तो आपल्याकडे थिएटरांत लागला. 'आपणही एकदा दाखवू या की' हे वाक्य तुमच्या कार्यकारिणीच्या बैठकीत कुणीतरी म्हटलंच असेल. जरूर दाखवा. दाखवावा की नाही, हा या पत्राचा विषयच नाही. पडद्यावरचा खेळ संपल्यावर 'चर्चा' नावाचा जो पाऊण तास असतो, त्याबद्दल आम्हाला बोलायचं आहे. क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्स अशा माणसांबद्दलच्या, सिनेमाच्या वेळी त्या पाऊण तासाची जी माती होते, ती बहुतेक वेळा त्याच दोन-चार ठिकाणी होते. म्हणजे ती टाळता येते.

सुरुवात पहिल्या प्रश्नापासून. सूत्रसंचालक माईक हातात घेतो आणि विचारतो, "मग मंडळी, कसा वाटला विषय?" विषय! पहिला हात वर जातो तो कधीच न चुकणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ सभासदाचा. ते आठ मिनिटं संस्कृतीवर बोलतात. दुसरी व्यक्ती सिनेमाबद्दल न बोलता त्यांना उत्तर देते, तिसरी मध्यम मार्ग काढते, आणि बघता बघता हॉलमध्ये समलैंगिकतेवर मतदान सुरू होतं. पटतं, पटत नाही, पटतं पण आपल्या घरात नको. त्याच हॉलमध्ये कडेच्या खुर्चीवर कुणीतरी असतं, ज्याच्या किंवा जिच्या जगण्यावरच हे मतदान चाललेलं असतं. ती व्यक्ती काही बोलत नाही. पुढच्या महिन्यात येतही नाही, आणि तुम्ही म्हणता, तरुण सभासद टिकत नाहीत.

उपाय साधा आहे. पहिला प्रश्न असा ठेवा, ज्याचं उत्तर फक्त पडद्यावरूनच देता येईल. 'साबर बोंडं'साठी आमचा ठरलेला प्रश्न आहे, "कुठले आवाज लक्षात राहिले?" या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा बराच वेळ एका जागी स्थिर राहतो आणि माणसं त्या चौकटीत येतात, बसतात, उठून जातात. त्यामुळे कुणाला जनावरांचे आवाज आठवतात, कुणाला बायकांचं दबक्या आवाजातलं बोलणं, कुणाला दोघांमधली शांतता. पाच जणांनी पाच आवाज सांगितले की संस्कृतीवरचं भाषण आपोआप मागे पडतं, कारण त्या ज्येष्ठ सभासदांनाही आवाज आठवायला लागतात. आणि खरं सांगायचं तर ते छान आठवतात.

दुसरा प्रश्न सुतकाचा. वडील गेलेत, मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद आईबरोबर दहा दिवसांसाठी गावी आला आहे, आणि त्याच दहा दिवसांत नातेवाईक त्याच्या लग्नाचं काढतात. बहुतेक मराठी प्रेक्षकांनी असे दहा दिवस कुठल्या ना कुठल्या घरात काढलेले असतात. ओसरीवर कोण कुठे बसतं, कुणाला काय खायचं नाही, 'आता उरक बाबा लवकर' हे नेमकं कोण म्हणतं, हे त्यांना सांगावं लागत नाही. म्हणून "या घरात कोण कोणाला काय विचारत नाही?" असं विचारा. आनंदच्या आईला मुलाचं माहीत आहे. तिचं बोलणं आणि न बोलणं यावरच अर्धा तास निघतो. तिथून प्रेक्षक आपल्या घराकडे वळतो, आणि तो आपल्या पायाने वळतो, तुम्ही ढकलल्यामुळे नाही. वैयक्तिक प्रतिसाद म्हणतात तो हाच. 'तुमच्या मुलाने असं सांगितलं तर तुम्ही काय कराल?' या परीक्षेतल्या प्रश्नाला वैयक्तिक प्रतिसाद येत नाही, बचाव येतो.

हीच पद्धत हंसल मेहतांच्या 'अलीगढ'ला (२०१६) लावून बघा. प्रा. रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, मराठीत कविता लिहायचे, ही गोष्ट मराठी हॉलमध्येसुद्धा निम्म्या लोकांना नवी असते. त्या सिनेमात सिरस घरी एकटे बसून हातात ग्लास घेऊन 'आपकी नजरों ने समझा' ऐकतात. कॅमेरा त्यांच्यावरच रेंगाळतो. मनोज बाजपेयी डोळे मिटतो, ओठांतल्या ओठांत ओळ धरतो, हात जरासा उचलतो. प्रसंग लांब आहे, आणि एका टप्प्यावर प्रेक्षकाला वाटायला लागतं की आपण दुसऱ्याच्या खोलीत न विचारता आलो आहोत. विचारा, "तुम्हाला कधी अवघडल्यासारखं झालं?" कुणी म्हणेल सुरुवातीला, कुणी म्हणेल झालंच नाही. मग आठवण करून द्या की याच माणसाच्या खोलीत, तो एका पुरुषाबरोबर असताना, लोक कॅमेरा घेऊन घुसले होते. प्रेक्षकाचं स्वतःचं अवघडणं आणि ती घुसखोरी एकमेकांना भिडतात. एवढं झालं की त्या दिवशीची चर्चा वसूल.

त्याच सिनेमात तरुण पत्रकाराशी बोलताना सिरस 'गे' हा तीन इंग्रजी अक्षरांचा शब्द स्वतःला लावून घ्यायला कचरतात. माझी भावना तीन अक्षरांत कशी मावेल, असा त्यांचा सूर आहे. सूत्रसंचालकाने हा प्रसंग नीट लक्षात ठेवावा. बोलणाऱ्याला "तुम्ही कम्युनिटीतले आहात का?" असं कधीही, कितीही प्रेमाने, विचारू नका. उलटंही जपा. कुणी आपणहून 'मी गे आहे' म्हणालं, तर टाळ्यांचा कडकडाट करू नका. टाळ्या वाजल्या की त्या माणसाचं सिनेमाबद्दलचं मत कुणी ऐकतच नाही, आणि त्याच्या शेजारच्या गप्प माणसावर उगीच दडपण येतं.

आता चिठ्ठ्यांकडे येऊ. या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं आम्हाला हेच वाटतं.

लहान गावात माईकवर बोलणं प्रत्येकाला परवडत नाही. म्हणून बरेच क्लब 'ज्यांना लिहायचं असेल त्यांनी चिठ्ठी लिहा' असं सांगतात, आणि तिथेच फसतात. ऐंशी लोकांत सात जण मान खाली घालून लिहायला बसले की ते सात जण सगळ्यांना दिसतात. गुप्त चिठ्ठीच त्यांना उघडं पाडते. त्यामुळे नियम एकच: चिठ्ठी सगळ्यांना द्यायची आणि सगळ्यांनी पेटीत टाकायची. लिहायचं नसेल तर कोरी टाका, चित्र काढा, वाणसामानाची यादी लिहा, पण टाका. एका ए-फोर कागदाचे चार तुकडे होतात. ऐंशी जणांसाठी पंचवीस कागद कापून ठेवा, म्हणजे वीस चिठ्ठ्या हाताशी उरतात. सगळ्यांना एकसारख्या शिसपेन्सिली द्या, नाहीतर हिरव्या शाईवरून माणूस ओळखू येतो. मांडीवर धरायला जुन्या फायलींची पुठ्ठ्याची कव्हरं कापून वाटा. हे विसरलं की लोक भिंतीला कागद टेकवून लिहितात, आणि मागचा वाचतो.

चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवायची नसेल, तर त्यासाठी वेगळी पेटी ठेवू नका. कुणी कुठल्या पेटीत टाकली ते दिसतं. 'वाचायची नसेल तर कोपरा दुमडा' एवढंच सांगा. पेटी बाहेर जायच्या दाराजवळ ठेवा, व्यासपीठावर नको. चिठ्ठ्या गोळा झाल्या की दहा मिनिटांचा चहा. तेवढ्यात दोघांनी आतल्या खोलीत बसून चिठ्ठ्या निवडायच्या, दुमडलेल्या बाजूला काढायच्या. उरलेल्यांमध्ये ओळख पटवणारा तपशील असेल, जसं 'आमच्या डेपोत', 'टीवाय बीएस्सीला असताना', तर तेवढेच शब्द खोडायचे. व्याकरण सुधारू नका. वाचायला दहा-बारा चिठ्ठ्या पुरतात. वाचणारा एकच असावा, आणि तो नाट्यस्पर्धेत बक्षीस मिळवणारा नसलेला बरा. साध्या आवाजात वाचणारा हवा.

विरोधी चिठ्ठ्याही वाचा, दडपू नका. 'मला हे बघवलं नाही' हा प्रतिसादच आहे आणि तोही वैयक्तिक आहे. फक्त ती पहिली किंवा शेवटची ठेवू नका. पहिली चिठ्ठी सूर लावते आणि शेवटची लोक घरी नेतात. शिवीगाळ असेल तर वाचायची नाही, तिच्यावर टिप्पणीही करायची नाही. एखादी चिठ्ठी वाचून काळजी वाटली, जिवाचं काही बरंवाईट करून घेण्याचा सूर दिसला, तर अक्षरावरून शोध घेत हॉलभर फिरू नका. त्यासाठी आधीच तयारी हवी: पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमपत्रिकेवर, इतर चार गोष्टींच्या बरोबरीने, सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आणि मुंबईतला हमसफर ट्रस्ट, पुण्यातला समपथिक ट्रस्ट यांची नावं छापा, आणि ती पत्रिका जाताना प्रत्येकाच्या हातात द्या. वेगळं माहितीपत्रक केलं तर ते टेबलावर पडून राहतं. खिशात कार्यक्रमपत्रिका सापडली तर घरी कुणी काही विचारत नाही, माहितीपत्रक सापडलं तर विचारतात.

काम झालं की चिठ्ठ्या फाडून टाका. त्यांचे फोटो सोसायटीच्या इन्स्टाग्रामवर टाकायचा मोह फार होतो, दिसतातही सुंदर. पण तालुक्याच्या गावात शिक्षक अक्षर ओळखतात, भावंडं ओळखतात. प्रेक्षकांच्या बाजूने एकही फोटो काढू नका. पडद्याचा काढा, रिकाम्या खुर्च्यांचा काढा. दारातल्या रजिस्टरात नाव, गाव, मोबाइल असे रकाने असतात, तेही या खेळापुरते बंद ठेवा आणि डोकी मोजा. चर्चा पुढे व्हॉट्सॲपवर नेऊ नका. तिथल्या वाक्याचा स्क्रीनशॉट व्हायला दोन सेकंद लागतात.

वेळेचं गणित आधी करून ठेवा. 'साबर बोंडं' दोन तासांना थोडा कमी आहे. दहा मिनिटं चहा, चाळीस मिनिटं चर्चा, म्हणजे तीन तास धरून चाला. साडेसहाचा खेळ ठेवला तर साडेनऊ होतात; शेवटची एसटी गेलेली असते, होस्टेलचं गेट बंद होतं, आणि चर्चेला उरतात ते स्कूटरवाले पुरुष. मग 'बायका बोलतच नाहीत' अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. शनिवारी दुपारी चारला सुरू करा.

श्रेयनामावली सुरू होताच ट्यूबलाइट लावणारा एक उत्साही कार्यकर्ता प्रत्येक सोसायटीत असतो. त्याला त्या दिवशी चहाच्या कामावर ठेवा. नामावली शेवटपर्यंत अंधारात चालू द्या, मग अर्धेच दिवे लावा. डोळे पुसायला तेवढा वेळ लागतो.

दोन पुरुष जवळ येतात त्या प्रसंगाला हॉलमध्ये हशा पिकतो, निदान मागच्या रांगांत. दर वेळी ती टिंगलच असते असं नाही. बरेचदा तो ताण असतो. आजूबाजूचे बघताहेत, आपण शांत राहिलो तर आपल्यावर संशय येईल, म्हणून हसलेलं असतं. सिनेमा थांबवून दटावलंत तर उरलेला तासभर लोक सिनेमा न बघता एकमेकांकडे बघत बसतील. त्यापेक्षा सुरुवातीच्या दोन मिनिटांत सांगून ठेवा की या सिनेमात शांत जागा खूप आहेत, त्या शांतच राहू द्या. त्यानंतरही कुणी थांबत नसेल, तर एका कार्यकर्त्याने जाऊन शेजारच्या खुर्चीत बसायचं. बोलायचं काही नाही. चर्चेतला माईकही कार्यकर्त्यानेच धरायचा. तो एकदा बोलणाऱ्याच्या हातात गेला की दोन मिनिटांची मर्यादा गेलीच म्हणून समजा.

पाहुण्यांबद्दल थोडक्यात. मानसोपचारतज्ज्ञ, वकील आणि समुपदेशक असं त्रिकूट व्यासपीठावर बसवू नका. प्रेमकथेनंतर डॉक्टर समोर बसला की आपण काय आजार बघितला का, असंच वाटतं. बोलवायचंच असेल तर ध्वनी किंवा छायाचित्रणातलं कळणाऱ्याला बोलवा. 'यावर उपचार आहे का?' हा प्रश्न येणार, त्याचं उत्तर सूत्रसंचालकाच्या खिशातल्या कागदावर असू द्या: समलैंगिकता हा आजार नाही, असं इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने २०१८ साली जाहीरपणे सांगितलं आहे, आणि 'कन्व्हर्जन थेरपी', म्हणजे उपचाराच्या नावाखाली माणसाचा लैंगिक कल बदलायचा प्रयत्न, करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. त्याच कागदावर सर्वोच्च न्यायालयाच्या तीन तारखा लिहा: १५ एप्रिल २०१४, ट्रान्स व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क, ६ सप्टेंबर २०१८, कलम ३७७ मधून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध वगळले, १७ ऑक्टोबर २०२३, समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार. प्रश्न आला तर एका वाक्यात उत्तर द्या आणि सिनेमाकडे परत या. नाही आला तर कागद खिशातच राहू द्या.

शब्दांचं म्हणाल तर 'तृतीयपंथी' हा शब्द सगळ्यांना सरसकट लावू नका. 'साबर बोंडं'मधले आनंद आणि त्याचा गावातला मित्र बाळ्या हे दोन समलिंगी पुरुष आहेत. 'जोगवा'ही (२००९) डोळे झाकून या यादीत टाकू नका. त्यातल्या तायाप्पाला देवीला वाहण्याच्या प्रथेने जबरदस्तीने साडी नेसवली आहे, त्याचं प्रेम सुलीवर आहे. तो दाखवायलाच हवा, पण लादलेली ओळख आणि आतून आलेली ओळख यांतला फरक बोलायची तयारी ठेवून. आणि निवेदनातून 'धाडसी' हा शब्द कृपया काढा. 'साबर बोंडं'मध्ये कुणीही धाडस करत नाही, माणसं शेळ्या राखतात आणि लग्नाचं विचारतात. 'शेवटी प्रेम ते प्रेमच' या वाक्यानेही सांगता करू नका. त्याला सगळे माना डोलावतात आणि चर्चा जागीच मरते. शेतीवर जगणारा बाळ्या आणि शहरातल्या पगारावर जगणारा आनंद यांच्या प्रेमातला फरक त्या वाक्यात बुडून जातो.

"आणि बायकोचं काय?" हा प्रश्न हटकून येतो, आणि तो विरोधकांचा प्रश्न समजून झटकला जातो. झटकू नका. मराठीत अमोल पालेकरांनी 'थांग'मध्ये (२००६) तो पत्नीच्या बाजूनेच मांडला होता. मल्याळममध्ये जिओ बेबींच्या 'काथल – द कोर'मध्ये (२०२३) ओमाना समलिंगी नवऱ्यापासून घटस्फोट मागते, तोही तो स्थानिक निवडणुकीला उभा असताना, आणि तिच्या मागणीने दोघांचीही सुटका होते. नवऱ्याच्या भूमिकेत मामुट्टीसारखा नट असूनही त्याच्या आणि त्याचं ज्याच्यावर प्रेम आहे त्या थंकनच्या वाट्याला एकत्र असे संवाद जवळपास नाहीत. 'थांग' आणि 'काथल' एकापाठोपाठच्या दोन महिन्यांत दाखवले तर तुमच्या महिला सभासद सगळ्यात जास्त बोलतील.

'कोबाल्ट ब्लू' दाखवणार असाल तर आधी सचिन कुंडलकरांची मूळ मराठी कादंबरी (२००६) चार-पाच जणांना वाचायला द्या. कादंबरीत आधी तनय बोलतो, मग अनुजा. भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडलेले. कुंडलकरांनीच केलेला २०२२चा सिनेमा हिंदी-इंग्रजीत आहे आणि कोचीत घडतो. पुण्यातलं घर केरळात गेल्यावर काय हरवलं आणि काय सुटलं, यावर वाचलेले आणि न वाचलेले छान भांडतात.

कागदपत्रांचं उरकून टाकू. ओटीटीची घरगुती सदस्यता सार्वजनिक खेळासाठी नसते. निर्माता किंवा वितरकाला आधी पत्र लिहा, तारीख, आसनसंख्या, तिकीट आहे की नाही ते कळवा आणि लेखी होकार घ्या. ओटीटीवरचं वयाचं लेबल म्हणजे सेन्सॉर प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणपत्र 'ए' असेल तर अकरावी-बारावीची मुलं बसवता येत नाहीत, आणि कॉलेजातला खेळ बहुधा इथेच अडकतो. सभागृहाच्या विश्वस्तांना सिनेमाचं नाव आणि आशय लेखी कळवा. 'सामाजिक चित्रपट' असं मोघम लिहून हॉल घेतला, तर पोस्टर लागल्यावर ऐन वेळी कुलूप मिळतं. मुंबईत डिसेंबर १९९८मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरच्या 'फायर'च्या खेळांवर हल्ले झाले होते, तेव्हा तो सेन्सॉरने विनाकट संमत केलेला होता. म्हणून प्रमाणपत्राची प्रत दारातल्या टेबलावर ठेवा, आणि कुणी जाब विचारायला आलं तर एकानेच बोलायचं, कुणी ते आधी ठरवून ठेवा.

तुमच्या पुढच्या खेळाला शुभेच्छा.

आपले,
खेळानंतर खुर्च्या उचलणारे काही जण

ता. क. – पंख्यांचं राहिलंच. पार्श्वसंगीत नसलेला सिनेमा घरघरणाऱ्या छतपंख्यांखाली दाखवला तर तो निम्मा ऐकूच येत नाही, मग 'कुठले आवाज लक्षात राहिले' याचं उत्तर 'पंख्याचा' असं येतं. आदल्या दिवशी त्याच वेळेला, दारं-खिडक्या लावून, पंखे चालू ठेवून सगळ्यात हळू बोललेला प्रसंग शेवटच्या रांगेतून ऐका. ऐकू येत नसेल तर आवाज वाढवायच्या आधी मधल्या रांगेवरचे पंखे बंद करा आणि कडेला दोन उभे पंखे लावा. फाइल ५.१ (म्हणजे सहा वाहिन्यांच्या) ध्वनीची असेल आणि तुमचे स्पीकर दोनच असतील, तर प्लेअरमध्ये स्टीरिओ निवडा; नाहीतर संवाद ज्या मधल्या वाहिनीत असतात तीच गायब होते आणि फक्त पाखरं ऐकू येतात.